रक्ततपासणीपूर्वीची शरीरस्थिती

रक्त काढण्याआधी माणूस झोपून होता, बसला होता की उभा होता, यावर काही तपासण्यांचे आकडे हलतात. नमुना यंत्रात जाण्याआधीच हा फरक पडलेला असतो, त्यामुळे यंत्र कितीही चांगले असले तरी तो टळत नाही.

आडवा माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने पायांतल्या केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि रक्तातले पाणी आजूबाजूच्या ऊतींत झिरपते. प्रौढ माणसात रक्ताचे आकारमान त्यामुळे साधारण ६०० ते ७०० मिलिलिटरने घटते. प्रथिने आणि रक्तपेशी आकाराने मोठ्या, त्या आतच राहतात. म्हणजे आमटी आटावी तसे रक्त दाट होते. याला सुमारे १० मिनिटे पुरतात. उलट आडवे झाल्यावर पाणी परत यायला अर्धा तास लागतो.

हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, एन्झाइम आणि प्रथिनांना चिकटून फिरणारे कॅल्शियम हे सगळे उभ्याने वाढलेले दिसतात. झोपून १४ ग्रॅम असलेले हिमोग्लोबिन, रक्त १० टक्क्यांनी दाटले तर, १५.४ दिसेल. म्हणूनच दवाखान्यात चालत आलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी खाटेवर घेतल्यावर उतरते आणि नातेवाईक हबकतात. रक्त कुठेच गेलेले नसते. साखर, सोडियम, युरिया यांचे कण लहान, ते पाण्याबरोबरच ये-जा करतात, म्हणून त्यांत फारसा फरक नाही.

कोल्हापुरात रंकाळ्याला फेरी मारून तसेच लॅबचा जिना चढणारे पुष्कळ. तिथे "उपाशी आलाय न्हवं?" एवढे हमखास विचारतात, बसून किती वेळ झाला, हे सहसा कोणी विचारत नाही. सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळची रांग उभ्यानेच सरकते, तिथे प्रत्येकाला खुर्ची कुठून आणणार? तरी रक्त देण्याआधी १५ मिनिटे शांत बसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. कोलेस्टेरॉल २०० च्या काठावर असेल, तर आधीची आणि आताची तपासणी एकाच स्थितीत झालेली बरी, नाहीतर गोळीचा गुण की खुर्चीचा, हे कळत नाही.

दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला तरी रक्त असेच दाटते.

संप्रेरकांचे गणित वेगळे. उभे राहताच रक्तदाब सांभाळणारी नॉरॲड्रेनलिन, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन शरीर मुद्दामच वाढवते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथीच्या गाठीचा संशय असताना मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनपासून बनणारे पदार्थ, तपासायचे, तर रुग्णाला अर्धा तास आडवे ठेवून, झोपलेल्या अवस्थेतच रक्त काढतात.