उक्त्या कामातील बदलांची किंमत : पार्श्वभूमी

कोकणात घर बांधायला काढले की ठेकेदाराशी बोलणी दोन रीतींनी होतात. एक तर काम मोजून द्यायचे, म्हणजे चिऱ्याचे बांधकाम इतके, गिलावा इतका, लादी इतकी आणि प्रत्येकाचा दर निराळा. नाहीतर काम उक्ते द्यायचे, म्हणजे पायापासून कौलांपर्यंत सगळ्याची मिळून एकच रक्कम ठरवायची आणि मोजमापाच्या भानगडीत पडायचे नाही. मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या मालकाला दुसरी रीत बरी वाटते, कारण एकूण आकडा त्याला आधी कळतो. काम अर्ध्यावर आल्यावर ‘पुढे एक पडवी काढू या’ असे तो म्हणतो तेव्हा मात्र पंचाईत होते. ठरलेल्या रकमेच्या पोटात पडवीचा दर कुठेच लिहिलेला नसतो. बदलांच्या किमतीविषयीचे कायदे, नमुने आणि न्यायनिवाडे गेल्या दोन शतकांत तयार झाले, ते सगळे या एकाच उणिवेभोवती फिरतात: मुळात दर नसलेल्या करारात दर आणायचा कुठून?

ठोक रकमेची कल्पना आपल्याकडे बांधकामापेक्षा जुनी आहे. खोतीच्या काळापासून, म्हणजे १९४९ च्या कायद्याने खोती जाण्याच्या कितीतरी आधीपासून, जमीन अर्धेलीने द्यायची की मक्त्याने, हा भेद कोकणातल्या कुळाला पाठ होता. अर्धेलीत पिकाचा चढउतार दोघांत वाटला जातो. मक्त्यात तो सगळा एकाच्या अंगावर पडतो आणि त्या बदल्यात दुसऱ्याला ठरावीक रक्कम मिळते. आंब्याची बाग मोहोरावर असतानाच उक्ती घेणारा व्यापारीही अवकाळी पाऊस आणि तुडतुडे यांची जोखीम पत्करूनच रक्कम बोलतो. मात्र बागेचा मालक हंगामाच्या मध्यावर चार कलमे तोडून तिथे काजू लावायला निघत नाही. घराचा मालक तसे करतो, आणि ते त्याच्या हक्कातही असते. उक्त्या बांधकामात निसर्गाच्या लहरीखेरीज मालकाच्या मनाचाही भाव ठरवावा लागतो, म्हणून इथे मक्त्याचा साधा हिशोब पुरत नाही.

आपल्याकडच्या करारांच्या नमुन्यांवर इंग्रजी कायद्याची दाट छाया आहे, त्यामुळे तिथला एक जुना निवाडा आधी पाहावा लागतो. १७९५ सालच्या कटर विरुद्ध पॉवेल या खटल्याचा बांधकामाशी काही संबंध नव्हता. जमैकाहून लिव्हरपूलला निघालेल्या जहाजावरील एका खलाशाला प्रवास पुरा झाल्यावर ३० गिनी देण्याचे लिहून दिले होते. जहाज बंदराला लागण्यास तीन आठवड्यांहून कमी दिवस उरले असताना तो वारला, आणि त्याच्या विधवेला केलेल्या कामापुरतेही काही मिळाले नाही. हा निकाल निर्दय वाटतो, पण त्यामागे एक हिशोब होता. त्या वेळी खलाशाचा नेहमीचा पगार महिन्याला सुमारे ४ पौंड होता. त्या मानाने ३० गिनींची रक्कम कितीतरी मोठी होती, म्हणजे काम पुरे न होण्याची जोखीम तिच्यात धरलेली होती, असे न्यायालयाने मानले. उक्ती रक्कम ही कामाची किंमत असतेच, शिवाय कामातल्या अनिश्चिततेचीही किंमत असते, हे तत्त्व पुढे बांधकामाच्या खटल्यांत वारंवार डोके वर काढते.

कोकणातल्या माणसाला चटकन पटावा असा खटला १८७३ चा आहे. ब्राझीलमध्ये किनाऱ्यावरील सांतोस बंदरातून घाट चढून आत जाणारा लोहमार्ग ठेकेदारांनी ठोक रकमेत बांधून दिला. मातीकाम अंदाजापेक्षा फार जास्त निघाले, आणि अभियंत्याने वाढीव पैशांचे तोंडी आश्वासन दिले होते, असे ठेकेदारांचे म्हणणे होते. शार्प विरुद्ध सान पावलो रेल्वे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की लोहमार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरा करून देण्याचा करार होता, त्यामुळे माती किती खणावी लागेल याचा अंदाज चुकला तर तो ठेकेदाराचा चुकला. आणि अभियंत्याला करार बदलण्याचा अधिकार नसल्याने त्याच्या शब्दाने कंपनी बांधली जात नाही. तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने याच्याही पुढे पाऊल टाकले. नकाशात दाखवलेल्या लोखंडी पेट्या नदीच्या पाण्यापुढे टिकल्या नाहीत आणि ठेकेदाराला भरती-ओहोटी सांभाळत काम करावे लागले, तरीही मालकाने दिलेला नकाशा व्यवहार्य असल्याची हमी मालक देत नसतो, असे ठरले. मात्र त्याच निकालात एक फट ठेवलेली होती: वाढलेले काम कोणाच्याही कल्पनेबाहेरचे असेल, तर ते मूळ करारातले कामच नव्हे असे मानून त्याचे वाजवी मोल वेगळे मागता येईल. पुढच्या काळातील बरेच दावे याच फटीतून आत शिरले. खारबंदिस्तीच्या किंवा जेटीच्या कामावर उधाणाचे पाणी उतरण्याची वाट पाहत बसलेल्या कोणालाही या खटल्यातील दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

न्यायालये दर शोधून देत नाहीत, असा अनुभव आल्यावर तो करारातच लिहून ठेवण्याकडे कल वाढला. भारतात १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खात्याची घडी बसली. मोजमाप पुस्तक आणि दरसूची ही पुढे त्या खात्याची दोन मुख्य हत्यारे झाली. महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात निविदांचे जुने नमुने अजूनही अक्षरांनीच ओळखले जातात: बी-१ हा टक्केवारीचा (अंदाजपत्रकी दरांहून इतके टक्के कमी-जास्त), बी-२ हा बाबनिहाय दराचा आणि सी हा ठोक रकमेचा. बी-१ मधील कलम १४ वाचले की बदलाचा दर ठरवण्याचा जिनाच दिसतो. कामाच्या बाबीला करारात दर असेल तर तोच लावायचा. नसेल तर विभागाच्या दरसूचीतला किंवा आपसात ठरलेला, यांतला कमी असेल तो. आणि दरसूचीतही ती बाब नसेल तर ठेकेदाराने आदेश मिळाल्यापासून ७ दिवसांत आपला दर कळवायचा, जो पटला नाही तर अभियंत्याने आदेश रद्द करून काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे. दर ठरण्याआधीच ठेकेदार कामाला लागला तर अभियंता ठरवील तो दर त्याला मुकाट्याने घ्यावा लागतो. ‘कमी असेल तो’ हे शब्द कोणाच्या बाजूचे आहेत, हे सांगायला नको.

याच नमुन्यातील कलम ३८ प्रमाणाविषयी आहे. निविदेतल्या एखाद्या बाबीचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर दर तोच राहतो. त्यापलीकडचे प्रमाण वेगळ्या दराने मोजायचे, पण त्या जादा प्रमाणाची किंमत ५,००० रुपयांहून अधिक असेल तरच. ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, ती जुन्या काळची खूण आहे. कार्यालयांत ‘कलम अडतीस’ आणि ‘ईआयआरएल’ (नव्या बाबींच्या दरांची यादी) हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि देयक अडकले की ठेकेदाराच्या तोंडीही हेच दोन शब्द येतात.

खासगी उक्त्या कामाला असा जिना नसतो. तिथे बहुधा चौरस फुटाचा दर पुढे केला जातो, आणि नेमकी गफलत तिथेच होते. समजा, १,१०० चौरस फुटांचे घर १,८०० रुपये दराने १९ लाख ८० हजारांना उक्ते ठरले, आणि नंतर १२० चौरस फुटांची पडवी वाढली. त्याच दराने पडवीचे २ लाख १६ हजार होतात. पण १,८०० रुपयांच्या दरात स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघराच्या फरश्या, नळ आणि विजेच्या तारा यांची सरासरी मिसळलेली आहे, आणि पडवीत यातले जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मालक जास्त देतो. याउलट, जांभ्याचा कातळ चार फुटांवर लागेल असे धरले होते, तो फुटून खाली मऊ, ओलसर पांढरट माती निघाली आणि पाया सात फुटांवर न्यावा लागला, तर खालच्या तीन फुटांना वरच्या चार फुटांचा दर पुरत नाही. माती वर फेकायला जास्त माणसे लागतात, कडा ढासळू नयेत म्हणून आधार द्यावा लागतो, पाणी उपसावे लागते. सरकारी दरसूचीत खोदाईचा दर लीड (माती वाहून नेण्याचे अंतर) आणि लिफ्ट (ती वर उचलण्याची उंची) सांगूनच दिलेला असतो, तो याच कारणासाठी. सरासरी दर एकूण रक्कम ठरवायला चालतो. बदल मोजायला तो चालत नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि मोठ्या ठोक करारांत तो फार पूर्वीपासून रुळला आहे. करार करतानाच एकूण रकमेची बाबनिहाय फोड करून सोबत जोडायची, आणि ‘ही फोड रक्कम बदलण्यासाठी नाही, फक्त वाढ-घट मोजण्यासाठी आहे’ असे स्पष्ट लिहायचे. फोडीत नसलेल्या बाबीसाठी दर पृथक्करण करायचे, म्हणजे माल, मजुरी, यंत्र आणि वाहतूक यांचा प्रत्यक्ष खर्च मांडून त्यावर ठेकेदाराचा वरखर्च आणि नफा चढवायचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर पृथक्करणात हा वाटा १५ टक्के धरतात. कमी केलेल्या कामाचा हिशोब मात्र बहुतेकांच्या मनात येत नाही. मालकाने एक भिंत वगळली तर चिरे, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी वजा व्हावी हे उघड आहे. त्या भिंतीवरचा ठेकेदाराचा नफाही वजा करायचा का, यावर आजही भांडणे होतात. माझ्या मते आधी लिहिलेले नसेल तर तो वजा करू नये, कारण काम घेताना ठेकेदाराने माणसे आणि वेळ त्या हिशोबानेच अडकवलेली असतात.

वेळेची किंमत हा कोकणात वेगळाच विषय आहे. कौले मिरगापूर्वी चढली पाहिजेत. ऑक्टोबरात सांगितलेला बदल आणि तोच बदल एप्रिलअखेरीस सांगितला तर येणारा खर्च, यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो, कारण दुसऱ्या वेळी सुतार दुप्पट मजुरीवर आणावे लागतात आणि तरीही छप्पर राहिले तर चार महिने ताडपत्री बांधून ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये १८९७ च्या डॉड विरुद्ध चर्टन या खटल्यात ठरले की मालकानेच वाढीव काम सांगितले आणि करारात मुदतवाढीची तरतूद नसेल, तर उशिराचा दंड त्याला मागता येत नाही. इथल्या मौखिक व्यवहारात दंड क्वचितच असतो, पण उशिराचा राग असतो, आणि तो शेवटच्या हप्त्यातून काढला जातो.

तोंडी आदेशाचे काय, याचे भारतीय उत्तर १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७० मध्ये आहे: एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता, कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बांधकामालाच लावले. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केलेल्या कामाचा करार विहित रीतीने झालेला नव्हता, तरी सरकारने ते काम स्वीकारून वापरले होते, म्हणून ठेकेदाराला मोबदला मिळाला. मात्र या वाटेने मिळते ती वाजवी भरपाई, आपण मनात धरलेला दर नव्हे. आणि जिथे करारातच त्या कामाची तरतूद आहे तिथे या कलमाचा आधार सहसा मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय कामांत फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या करारनमुन्यांनी हे सारे आकड्यांत बांधले; हे नमुने मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखले जातात. पहिले लाल पुस्तक १९५७ चे. १९९९ च्या आवृत्तीत मोजमापाच्या करारात प्रमाण १० टक्क्यांहून जास्त बदलले आणि आणखी काही अटी पुऱ्या झाल्या तर नवा दर लावता येतो. त्याच वर्षीचे रुपेरी पुस्तक मात्र पुरते ठोक रकमेचे आहे आणि जमिनीखालच्या अनपेक्षित गोष्टींचा भार ते बहुतांशी ठेकेदारावर टाकते. आपल्या मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणातील इंदापूरच्या पुढची बरीच कामे ईपीसी पद्धतीने, म्हणजे आराखडाही ठेकेदाराचाच आणि रक्कम ठोक, अशी दिली गेली. त्या पद्धतीच्या केंद्रीय नमुन्यात कामाच्या व्याप्तीतील बदलांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि उभयपक्षी वेगळे ठरले नाही तर अशा सर्व बदलांची एकूण किंमत करार रकमेच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये अशी मर्यादा आहे. गावात पोचरस्ता किंवा भुयारी मार्ग हवा अशी मागणी आली की पहिला वाद दराचा नसतो. ते काम मूळ व्याप्तीत होते की नाही, याचाच असतो.

घरगुती कामात व्याप्तीचा कागदच नसतो. चाकरमानी मालक गणपतीत येतो, अंगणात उभा राहून खिडकी मोठी करायला सांगतो, शिमग्याला येतो तेव्हा जिना फिरवायला सांगतो, आणि पैशांचे बोलणे मे महिन्यावर ढकलले जाते. अलीकडे मात्र हेच आदेश मोबाइलवरच्या संदेशांतून, कधी भिंतीवर खडूने रेघ मारलेल्या फोटोसह जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाही. त्यामुळे ‘खिडकी पाच फुटी कर’ या संदेशाखाली ठेकेदाराने ‘चौकटीसह साडेनऊ हजार वाढतील’ असे लिहिले आणि त्यावर ‘चालेल’ असे उत्तर आले, तर काम सुरू होण्याआधी लेखी दर ठरवण्याची बी-१ नमुन्याच्या कलम १४ मधली अपेक्षा तेवढ्या दोन ओळींत पुरी होते.