पाकिटावरचं टेन्शन

नागपुरात ‘हाय टेन्शन’ म्हटलं की आधी कोराडीकडून येणारी लाईन आठवते. त्यामुळे मे महिन्यात पुतणी तोंड पाडून म्हणाली, ‘काका, हाय टेन्शन लावलं न, आता काहून वाजून नाही राहिलं?’ तेव्हा मला घरातला फ्यूज उडाला असंच वाटलं. प्रकरण निघालं फ्लेमेंको या स्पॅनिश संगीताच्या गिटारचं.

फ्लेमेंकोचा नामांकित वादक पाको दे लुसिया, त्याला मोबाईलवर बघून बघून हिने ती गिटार मिळवली. हातात घेतली की पहिल्यांदा तिचा हलकेपणा जाणवतो. पाठ आणि बगला सायप्रस झाडाच्या लाकडाच्या, वरची फळी स्प्रूस झाडाची. फळीवर एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, कारण फ्लेमेंकोत वाजवणारा तारांसोबत लाकडावरही ठोके देतो. तारा घेताना दुकानदार म्हणाला, ‘हाय टेन्शन न्या, आवाज दणक्यात येते.’ चढवल्यावर आठवडाभरात डाव्या हाताची बोटं सुजली. मग हिने स्वतःच डोकं चालवलं: खुंट्या जरा ढिल्या केल्या तर टेन्शन कमी होईल न?

होईल की. पण सूरही उतरेल. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या तर ताण ११ टक्क्यांनी घटतो, आणि मग गिटार फक्त स्वतःशी जुळलेली राहते. खरा घोळ तारांच्या पाकिटावरच्या ‘टेन्शन’ या शब्दातच आहे. खुंटी किती पिळायची याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तो तारेचं वजन सांगतो.

हे गणित मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्ये मांडलं. मला ते इतकं आवडतं की इथे थोडा वेळ रमणार आहे. तारेचा सूर ठरतो तिची लांबी, तिचा ताण आणि तिचं दर मीटर वजन यांवर. गिटारवर तारेची मोकळी लांबी बहुधा ६५० मिमी असते आणि ती काही आपण बदलत नाही. सूरही ठरलेला आहे: पहिल्या तारेने सेकंदाला ३२९.६ वेळा थरथरायचं. प्रत्येक थरथरीत लाट या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत येते, म्हणजे १.३ मीटर चालते. गुणाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे ४२८ मीटर. हवेतल्या आवाजापेक्षा जास्त! तार जाड असो की बारीक, त्या सुरासाठी तिच्यावर लाट याच वेगाने धावली पाहिजे. आणि ताण म्हणजे दर मीटर वजन गुणिले या वेगाचा वर्ग. वेग बांधलेला, तेव्हा जड तार जास्त ताणावीच लागते. हाय टेन्शन तार म्हणजे जड तार, बस.

पुतणीचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघं इतवारीच्या सराफ्यात गेलो. स्वयंपाकघरातला काटा अर्ध्या ग्रॅमला ओळखत नाही, सोनाराचा मिलिग्रॅमला ओळखतो. ओळखीच्या सराफाने काचेची पेटी उघडली, नायलॉनचं वेटोळं पारड्यात ठेवलं, पंख्याचा वारा लागू नये म्हणून पेटी बंद केली आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही मंगळसूत्राऐवजी सुतळी मोडायला आणली. नॉर्मल टेन्शनची पहिली तार, एक मीटर: ०.४२ ग्रॅम. हाय टेन्शनची: ०.४५. फरक गव्हाच्या दाण्याएवढाही नाही.

आता गुणाकार करा. ०.४२ ग्रॅमवरून ताण येतो सुमारे ७.९ किलो. पाकिटावर मात्र सातच्या आसपासचा आकडा. पुतणीला वाटलं, काका चुकले. चूक एवढीच की आम्ही तार सैल असताना तोलली होती. नायलॉन ताणलं की लांबतं, सुमारे दहा टक्के. तेच वजन जास्त लांबीवर पसरतं, दर मीटर ०.३८ ग्रॅम उरतं आणि उत्तर येतं ७.१ किलो. नवीन तार दोन-तीन दिवस सारखी उतरत राहते तीही या लांबण्यामुळेच. तार खराब आहे म्हणून परत करायला धावू नका.

याच गणिताने कॅपोही सुटतो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा गिटारच्या मानेवरचा चिमटा. फ्लेमेंकोवाले गायकाच्या आवाजाप्रमाणे कॅपो वर सरकवतात. लांबी जितकी घटते तितकी कंपनं वाढतात, गुणाकार तोच, म्हणून ताण जवळजवळ होता तिथेच राहतो. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘४३२ हर्ट्झ, ब्रह्मांडाची कंपनं’? ४४० ऐवजी ४३२ वर जुळवलं तर ताण ३.६ टक्के कमी होतो. म्हणजे पहिल्या तारेवर साधारण पाव किलो. बोटांना तेवढाच आराम. ब्रह्मांडाचा त्यात हात नाही.

आता तारेचं द्रव्य. दुसऱ्या महायुद्धापर्यंत वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. युद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळलं आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा करायला घेतल्या. ज्यांना ‘कार्बन’ तारा म्हणतात त्या फ्लुओरोकार्बनच्या, मासे धरायच्या गळाला लावतात त्याच जातीच्या. हे द्रव्य नायलॉनच्या दीडपटीहून जास्त घन. म्हणून तेवढ्याच वजनाची तार सुमारे पाऊणपट जाडीत बसते. तारेचा वाकण्यातला ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे द्रव्याचा स्वतःचा कडकपणा सारखा धरला तर तो साधारण एक तृतीयांशावर येतो. ताठर तारेचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर, मूळ सुराच्या नेमक्या पटीत बसत नाहीत, थोडे चढे होतात, लवकर विझतातही. नायलॉनची तिसरी तार एक मिमी जाड असते. ती गिटारवर घसा बसल्यासारखी वाजते ती म्हणून. खालच्या तीन तारांची हीच अडचण बारीक धाग्यांच्या जुडीवर तांब्याची चांदी चढवलेली तार गुंडाळून सोडवलेली असते.

मग टेन्शनने फरक काय पडतो? तार बोटाने बाजूला ओढली की ती किती सरकते ते ताणावर ठरतं. घोडीपासून १० सेंमीवर सुमारे २०० ग्रॅमचा जोर लावला तर ७.१ किलो ताणाची तार २.४ मिमी सरकते, ७.६ किलोची २.३ च्या जरा खाली. फरक जाड कागदाएवढा. फ्लेमेंको गिटारवर बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून तीन मिमीच्या आतच असते, क्लासिकलवर चारच्या आसपास. तेव्हा तो कागदही मोजावा लागतो: हलकी तार जोरात छेडली की पडद्यांवर आपटते.

पण थोडं आपटणं फ्लेमेंकोला हवंच असतं. तानपुऱ्याची जवारी ऐकलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. तिथे तार वक्र घोडीला घासते, इथे पडद्यांना शिवते. दोन्हीकडे स्पर्श वरचे स्वरांश जागे करतो. अर्थखात्याच्या नोकरीत १९१० मध्ये नागपुरात आलेल्या सी. व्ही. रमण यांनी पुढे १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिलं. ज्या बिंदूवर छेडल्यावर एखादा स्वरांश पुस्तकाप्रमाणे गप्प बसायला हवा, तो या वाद्यांत बोलतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्या रमण विज्ञान केंद्रात शाळेच्या सहली जातात, तिथे कुणी मुलांना हे सांगितलं तर फार बरं होईल.

राहिलं आपलं हवामान. मेमध्ये ४५ अंशांत गिटारची फळी सुकते, किंचित खाली बसते, तारा पडद्यांजवळ येतात आणि करकर वाढते. नेमकं तेव्हाच माणूस हाय टेन्शन घ्यायला धावतो. जुलैत फळी ओल पिऊन वर येते आणि त्याच तारा बोटं कापतात. मधल्या काळात कूलर असतो. वाळ्याच्या ओल्या वाऱ्यातून गिटार गच्चीवर नेली की तासाभरात सूर हलतो. नायलॉन पाणी शोषतं, फ्लुओरोकार्बन जवळजवळ शोषत नाही, हा आपल्याकडे कार्बनच्या बाजूने मोठा मुद्दा. पण लाकूड दोन्हीकडे तेच. म्हणून माझं मत: ऋतूची झीज टेन्शन बदलून भरू नका, घोडीवरची हाडाची पट्टी बदला. ती अर्धा मिमी उचलली की बाराव्या पडद्यापाशी पाव मिमी मिळतो, आणि तो त्या कागदापेक्षा जास्त आहे.

पुतणीच्या गिटारवर आता नॉर्मल टेन्शनच्या तारा आहेत, फक्त तिसरी कार्बनची. ती बाकीच्यांपेक्षा चमकदार वाजते असं माझं म्हणणं, तिला मान्य नाही. खोक्यात हाडाच्या दोन पट्ट्या दोन लिफाफ्यांत ठेवल्या आहेत. एकावर तिने पेन्सिलीने लिहिलंय ‘मे’, दुसऱ्यावर ‘पाऊस’.