नदीकाठी जुनं नाणं सापडलं तर: जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची रीत, कागदपत्रं आणि मेटल डिटेक्टरच्या मर्यादा

पावसाळा ओसरला, गोदावरीचं किंवा प्रवरेचं पाणी खाली गेलं, की काठाची दरड ताजी कापलेली दिसते. तिच्यात खापरं असतात, राखेचे पट्टे असतात आणि एखाद्या वेळी हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं असतं. गुराख्यांना, वाळू काढणाऱ्यांना, डुंबायला आलेल्या पोरांना अशी नाणी पिढ्यान्‌पिढ्या सापडत आली आहेत. सोनाराच्या दुकानातली राख-माती गाळून सोन्याचा कण काढणारे झारेकरीही आपल्याकडे होतेच. आता त्यांच्या जोडीला मेटल डिटेक्टर घेतलेले हौशी लोक नदीकाठी आणि कोकणच्या किनाऱ्यावर दिसू लागले आहेत. यंत्र घरबसल्या मागवता येतं. मग पहिला प्रश्न येतो: याचा परवाना कुठे काढायचा?

पुरातत्त्वाच्या आणि निखात निधीच्या (मातीत दडलेल्या धनाच्या) कायद्यांत छंद म्हणून डिटेक्टर फिरवण्याचा असा कोणताही परवाना नाही. त्यासाठी अर्जाचा नमुना नाही, शुल्क नाही. त्यामुळे ‘पुरातत्त्व खात्याचं लायसन्स काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. कायद्यात आहे ती सापडल्यानंतर कळवण्याची प्रक्रिया. ती सोपी आहे, साध्या कागदावर होते, आणि बहुतेकांना माहीतच नसते. म्हणून हा लेख.

कुठे यंत्र न्यायचंच नाही

केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय खणलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. या दोन पट्ट्यांतले निर्बंध मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आहेत, तरी माझा सल्ला स्पष्ट आहे: तीनशे मीटरच्या आत फावडं काढूच नका. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. वाळू सलग दिसते, त्यामुळे आपण संरक्षित हद्दीत कधी शिरलो हे कळतही नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग यांच्या भोवतीही हीच काळजी घ्यायची. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, १९६०चा.

किल्ल्यांइतकंच जपायला हवं ते गावच्या पांढरीला. नदीकाठच्या जुन्या गावांजवळ राखाडी-पांढऱ्या मातीचं टेकाड असतं, तिथे शतकानुशतकांची वस्ती थरांनी साचलेली असते. पैठण, नेवासे, तेर, भोकरदन ही मोठी नावं झाली, पण छोटी पांढरी शेकडो गावांना आहे. टेकाड संरक्षित नाही म्हणून ते खणायला मोकळं, असा समज आहे. पुरातत्त्वीय हेतूने असंरक्षित जागी उत्खनन करायचं तर राज्य सरकारलासुद्धा केंद्राची पूर्वमंजुरी लागते, हे १९५८च्या कायद्याचं कलम २४ सांगतं. जिथे सरकारला विचारावं लागतं तिथे हौशी माणसाने खुरपं घालू नये.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. डिटेक्टरवाले नेमकी हीच वाळू उकरतात. या कासवांना वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. त्या दिवसांत अशा किनाऱ्यांवर उकरणं पूर्ण बंद ठेवा.

काय सापडलं, त्यावर पुढची वाट ठरते

काल-परवा हरवलेली अंगठी, साखळी, घड्याळ हा निखात निधी नव्हे, ती कुणाची तरी हरवलेली वस्तू आहे. करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४खाली अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. त्यात किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद व दंड आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. फुटलेल्या जहाजाचा माल किनाऱ्याला लागला असेल तरी पोलिसांना कळवा, त्याचा कायदा मात्र वेगळा आहे. तोफगोळा, बाँबगोळा किंवा तसं काही दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा आणि ११२ला फोन करा.

मातीत दडलेली मौल्यवान वस्तू, मग ती नाण्यांची घागर असो, दागिना असो की मूर्ती, ती मात्र भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ याखाली येते. मूल्याची मर्यादा आजही कायद्यात लिहिलेली आहे तीच: दहा रुपये. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं की कळवणं बंधनकारक. साधी शिवराईही आज त्याहून महाग विकली जाते. वाळूवर उघडं पडलेलं एकटं नाणं ‘मातीत दडलेलं’ म्हणायचं का, यावर वाद घालता येईल, पण त्या वादात पडण्यापेक्षा एक पत्र देणं सोपं.

पात्रता

वस्तू तुम्हाला सापडली, एवढीच अट. निखात निधी कायद्याच्या कळवण्याबद्दलच्या कलमात वय, शिक्षण, जमिनीची मालकी यांचा उल्लेख नाही. शेतमजूर, मच्छीमार, सहलीला आलेला पर्यटक, कुणीही ‘सापडवणारा’ असू शकतो. नदीचं पात्र आणि भरतीरेषेखालचा किनारा सामान्यतः सरकारी मालकीचा असतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २०प्रमाणे. काठावरची मळई (गाळाची जमीन) मात्र अनेकदा खाजगी असते. तिथे यंत्र घेऊन जाण्याआधीच शेतमालकाची लेखी संमती घ्या. पुढे वाटणीच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो.

पत्रात काय लिहायचं

निखात निधी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळवायचं असतं. त्यात तीन गोष्टी हव्यात: वस्तूचं स्वरूप आणि संख्या किंवा अंदाजे किंमत, सापडल्याची जागा, सापडल्याची तारीख. याशिवाय वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करण्यासाठी जिल्हाधिकारी ठरवतील तो जामीन द्यायचा.

या तिन्हींत बहुतेक लोक किंमतीवर सर्वात जास्त आणि जागेवर सर्वात कमी शब्द खर्च करतात. ‘नदीजवळ सापडलं’ असं लिहून मोकळे होतात. पण इतिहासाच्या दृष्टीने पत्रातली सर्वात मोलाची ओळ जागेचीच असते.

नाशिकजवळ गोदावरीकाठी जोगलटेंभी इथे १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र मिळाली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवून त्यांचंच चलन आपल्या नावाने फिरवलं, हे इतक्या ठामपणे सांगता येतं ते हा निधी एका जागेचा म्हणून मोजता आला त्यामुळे. तीच नाणी घरोघर वाटली गेली असती, तर शे-दोनशे सुटी नाणी उरली असती आणि त्यांचं एकमेकांशी नातं सांगायला कुणी नसतं.

उलट उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचं. १९७४ साली तिथे झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार मूर्ती निघाल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. आपल्या प्राचीन धातुकलेतलं हे मोठं धन, पण उत्खननातल्या थरातून न निघाल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. त्यांचा थर त्याच वेळी नोंदवला गेला असता, तर हा वाद एवढा लांबला नसता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: वस्तू उचलण्याआधी फोटो काढा, आणि एकापेक्षा जास्त वस्तू दिसल्या तर खणणं तिथेच थांबवा.

पत्राचा साधा नमुना असा:

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जिल्हा ______

विषय: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, कलम ४ अन्वये सूचना

महोदय/महोदया,
मी ______, राहणार ______. दिनांक ______ रोजी सकाळी/सायंकाळी ______ वाजता मौजे ______, तालुका ______ येथे ______ नदीच्या डाव्या/उजव्या काठावर, पुलापासून/घाटापासून सुमारे ______ मीटर अंतरावर, गट क्रमांक ______ (माहीत असल्यास), जमिनीपासून ______ सेंटिमीटर खोलीवर मला पुढील वस्तू सापडल्या: ______ (संख्या, धातू, ग्रॅममध्ये वजन). अंदाजे किंमत ______. वस्तू आहेत त्या स्थितीत ठेवल्या आहेत. त्या कोषागारात जमा करण्यास/जामीन देण्यास मी तयार आहे. पुढील आदेश व्हावेत.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, दूरध्वनी)

प्रत: तहसीलदार, ______, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, मुंबई

कायद्याने मागितलेलं एवढंच. माझ्या मते सोबत आणखी हे जोडावं: ओळखपत्राची प्रत, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो, मोबाइलमध्ये दिसणारे जागेचे अक्षांश-रेखांश, जमीन खाजगी असेल तर सातबारा आणि मालकाची संमती. पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ असं ऐकून मी एकदा परत आलो होतो. नंतर त्या कागदाचा माग लागला नाही आणि सगळं पुन्हा लिहावं लागलं. जमा करताना पंचनाम्यात किंवा पावतीत ‘जुनी नाणी’ एवढंच न लिहिता संख्या आणि वजन लिहून घ्या.

त्यानंतर काय होतं

जिल्हाधिकारी सूचना प्रसिद्ध करतात. निधीवर हक्क सांगणाऱ्यांना हजर राहण्यासाठी त्या तारखेपासून चार महिन्यांच्या पुढची आणि सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते. ठरलेल्या दिवशी चौकशी होते: कुणाला, कुठे, कशा परिस्थितीत सापडलं आणि शक्य असेल तर ते कुणी पुरलं. कुणी ‘हे माझ्या पूर्वजांनी पुरलं’ म्हटलं आणि ते शंभर वर्षांच्या आतलं असावं असं दिसलं, तर त्याला दिवाणी दाव्यासाठी मुदत मिळते. असा दावा नसेल तर निधी बेवारस ठरतो.

मग वाटणी. जागेचा मालक म्हणून कुणी पुढे आलं नाही तर निधी सापडवणाऱ्याला. मालक आहे, मालकीबद्दल वाद नाही आणि दोघांत आधीचा करार नाही, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला. मात्र सरकारला निधी स्वतःकडे घेता येतो. कलम १६ प्रमाणे तेव्हा वस्तूच्या धातूची किंमत आणि तिच्या वर एक पंचमांश रक्कम मिळते. म्हणजे दुर्मीळ नाण्याची लिलावातली किंमत नव्हे, चांदीची किंमत. हे अनेकांना खटकतं आणि मलाही हा नियम जुना झाला असं वाटतं, पण आज कायदा हाच आहे आणि तो माहीत असूनच पत्र द्यायचं.

कळवलं नाही तर? तुमचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवायला मदत करणाऱ्या जागामालकाला सहा महिन्यांपर्यंत. आणि डिटेक्टरच्या जोडीला कुणी मांत्रिक ‘गुप्तधन काढून देतो’ म्हणत असेल, तर ते थेट महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात जातं. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं त्याच्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

परत मिळाल्यावर

शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि तिला १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो. दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत यांच्या मूर्तींची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, नमुना ७ मध्ये, फोटोंसह. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशी नेणं तर नाहीच: अमेरिकेतल्या भाचीला लग्नात भेट म्हणून दिलेलं सातवाहन नाणंही बेकायदा निर्यातच, आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना नियम अगदी वेगळे. लंडनला थेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर नुसतं बघत शोधायलाही पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. १९९६च्या ट्रेझर ॲक्टमध्ये बसणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. तिथला परवाना इथे चालत नाही.

शेवटची गोष्ट कार्यालयाची नाही, स्वयंपाकघराची. नाणं हाती आलं की ते चिंच-राखेने घासायचा मोह होतो. घासू नका. हिरव्या थराखाली असलेली अक्षरं त्या थराबरोबरच जातात, आणि शिशाच्या नाण्याला आंबट पदार्थ लागला तर ते खराब होतं. मातीसकट, कोरड्या कागदात, प्रत्येक नाणं वेगळं गुंडाळा आणि कागदावर पेन्सिलीने जागा लिहा.