जास्ती काढशी तर रेट कमी व्हई
जळगावात कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहा, एक वाक्य कानावर पडणारच. "लेबर मिळत नाही हो, आणि मिळालं तर काम करत नाही." मग कारणं सुरू, फुकटचं रेशन, मोबाईल, दारू, आजकालची पोरं. परवा परत ऐकलं, एक डाळमिलवाले बोलत होते आणि दुसरे केळीवाले मान डोलवत होते, मला काही राहवलं नाही म्हणून हे लिहितोय.

कारण बारावीच्या सुट्टीत मी स्वतः दोन महिने एका चटईच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. चटयांची घडी घालायची, मोजायच्या, गठ्ठा बांधायचा, पैसे गठ्ठ्यामागे. चौथ्या दिवशी अंगात जोश आला आणि मी सगळ्यांपेक्षा जास्त गठ्ठे काढले, ठेकेदार खूष. शेजारच्या अप्पांनी काही न बोलता सुतळीचं रीळ माझ्यापासून लांब सरकवलं आणि चहाला म्हणाले, "भो, जास्ती काढशी तर रेट कमी व्हई जाई." मला वाटलं म्हातारा जळतोय. पुढे समाजशास्त्र वाचायला लागलो तेव्हा कळलं की अप्पांच्या या एका वाक्यावर अमेरिकेत माणसं महिनोन्महिने खुर्ची टाकून बसली होती.

शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा अवाढव्य कारखाना होता, टेलिफोनचं सामान बनायचं. तिथला १९२४ पासूनचा दिव्यांचा प्रयोग तुम्ही कुठल्या तरी मोटिव्हेशनवाल्या सरांकडून ऐकला असेल, उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणून कामगाराकडे नुसतं प्रेमाने लक्ष द्या! हे सर लोक हजारो रुपये घेऊन हे सांगतात. २०११ साली लेविट आणि लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या प्रयोगाचे जुने आकडे शोधून परत तपासले तर त्यात एवढं काही नाट्य सापडलंच नाही. (आपल्याकडे तर सरांच्याही आधी वास्तुवाल्याला बोलवतात. मशीनचं तोंड पूर्वेला केलं, गेटला लिंबू-मिरची लावली, रेट मात्र तोच.)

खरी मजेची गोष्ट त्याच कारखान्यात नंतर झाली आणि ती सर लोक सांगत नाहीत. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२, एका वेगळ्या खोलीत १४ जण बसवले, ९ वायर जोडणारे, ३ झाळणारे, २ तपासणारे, आणि कोपऱ्यात एक निरीक्षक. पगार सगळ्या गटाच्या कामावर, म्हणजे जास्त काढलं तर सगळ्यांनाच जास्त. कंपनीचं टार्गेट दिवसाला ७,३१२ जोडण्यांचं होतं. पोरांनी आपसात ठरवून टाकलेलं की दिवसाचं काम म्हणजे दोन सेट, साधारण ६,६००, बास. सकाळी दणादण हात चालवायचे आणि दुपारनंतर आरामात. कोणी पुढे पळायला लागला की शेजारचा दंडावर एक गुद्दा ठेवून द्यायचा, आणि गुद्द्याला गुद्द्यानेच उत्तर, भांडण नाही. लिहून देताना पण गंमत, एखाद्या दिवशी जास्त झालं तर कमी सांगायचं आणि ते वाईट दिवसासाठी राखून ठेवायचं. आणि सगळ्यात भारी म्हणजे, ज्याचं काम सगळ्यात कमी तोच बुद्धीच्या चाचणीत पहिला आला होता!

आता हे का होतं ते बघा. समजा गठ्ठ्याला ५ रुपये, सगळे १०० काढतात, ५०० मिळतात. एक जण १४० काढतो, ७०० घेऊन जातो. मालक म्हणतो अरे, १४० होतात की, रेट ४ करा. आता त्या पठ्ठ्याला ५६०, पण बाकीच्यांना ४००, आणि जुने ५०० मिळवायला आता १२५ काढावे लागतात. सगळे १२५ वर आले की परत तेच. केळीच्या ट्रकवर ताडपत्री आवळायचा रॅचेट बेल्ट असतो ना, एक दात पुढे गेला की मागे येत नाही, तसं हे. अर्थशास्त्रात याला रॅचेट इफेक्टच म्हणतात.

पण मग गुपचूप १४० कोणी का काढत नाही? एकट्याचा तर फायदाच आहे. इथे जरा डोकं लावावं लागतं. फायदा आजचा आणि तोटा उद्याचा, आणि उद्याचा तोटा तुम्हाला तेव्हाच लागू होतो जेव्हा उद्या तुम्ही तिथेच असणार. म्हणजे तीच माणसं परत परत समोरासमोर येणार असतील आणि एकमेकांचं काम डोळ्यांना दिसत असेल तरच हा करार टिकतो, नाहीतर प्रत्येक जण आजचं घेऊन मोकळा. मी दोन महिन्यांचा पाहुणा होतो म्हणून जोशात होतो, अप्पांना तिथेच रिटायर व्हायचं होतं.

हॉथॉर्नच्या अभ्यासकांनी मात्र निष्कर्ष काढला की कामगार भावनेने वागतात, कारण त्या खोलीतल्या कोणाचाही रेट प्रत्यक्षात कापला गेलेला नव्हता. अहो पण साल १९३२, जागतिक मंदी! काम लवकर संपवलं तर घरी बसा. तो अभ्यास सुद्धा काम नाही म्हणूनच बंद झाला. पुढे डोनाल्ड रॉय नावाचा विद्यार्थी १९४४-४५ मध्ये अकरा महिने खरोखर मशीन शॉपमध्ये कामाला लागला, त्याला आत बसून तेच दिसलं, ठरलेल्या कमाईच्या वर कोणी जायचं नाही कारण वर गेलं की रेट कापतील. कापूस वेचणाऱ्या बायका पण शेतात पाय ठेवायच्या आधी बांधावरच किलोचा भाव ठरवतात, त्याला आपण अडवणूक म्हणतो.

आता नवीन प्रकरण. नीती आयोगाच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार (पक्की नोकरी नाही, ॲपवर किंवा सुट्ट्या कामावर पैसे मिळवणारे) होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज. ॲपवर शेजारचा दिसत नाही, उद्या कोण असेल माहीत नाही, इन्सेंटिव्हचा हिशोब कधी पण बदलतो. म्हणजे अप्पांच्या कराराच्या दोन्ही अटी गायब. गुद्दा मारायला दंडच नाही. म्हणून प्रत्येक जण पळतो आणि रॅचेट फिरत राहतो.

अगदीच गायब पण नाही. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर टॅक्सी ॲपचे ड्रायव्हर सगळे मिळून ठरलेल्या मिनिटाला ॲप बंद करायचे, भाव चढला की परत चालू. मागच्या पावसाळ्यात आकाशवाणी चौकात पाच-सहा डिलिव्हरीवाले एका शटरखाली उभे होते, सगळ्यांचे फोन खिशात. मी विचारलं, ऑर्डर नाहीत का? एक जण हसला आणि म्हणाला, "आहेत ना भो, थोडं थांबा."