आधुनिक भाषा (ब्रिटिश विद्यापीठांतील अभ्यासविषय)

फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, रशियन यांसारख्या परकीय भाषा व त्या बोलणाऱ्या समाजांचे साहित्य, इतिहास, चित्रपट आणि विचार यांचा ब्रिटनमधील विद्यापीठांत होणारा एकत्रित पदवी-अभ्यास. ‘आधुनिक’ म्हणजे ग्रीक-लॅटिन सोडून. पण प्रत्यक्षात ही संज्ञा बराच काळ युरोपीय भाषांपुरतीच वापरली गेली. इंग्लंडमध्ये अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचा असून तिसरे वर्ष परदेशात काढायचे असते.

उगम : या विषयाचा आरंभ केव्हा झाला, याबाबत एकमत नाही. पहिल्या जॉर्ज राजाने १७२४ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे आधुनिक इतिहासाची अध्यासने स्थापन केली, तेव्हा प्राध्यापकांनी हाताखाली भाषाशिक्षक ठेवावेत अशी अट घातली होती. राजदूतांच्या कचेऱ्यांसाठी भाषा येणारे तरुण हवे होते, हा त्यामागचा हेतू. तथापि या शिक्षकांची गणना नृत्य व तलवारबाजी शिकवणाऱ्यांच्या रांगेत होई, म्हणून काही अभ्यासक १७२४ हे वर्ष जमेस धरत नाहीत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १७७५-७६ च्या सुमारास दोन अध्यासने निघाली : एक फ्रेंच-जर्मनचे, दुसरे इटालियन-स्पॅनिशचे. ही सर्वांत जुनी मानण्याकडे कल दिसतो. अमेरिकेत विल्यम अँड मेरी कॉलेजात कार्लो बेलिनी यांची नेमणूक १७७९ मधली, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हे अध्यापन १८२८ पासूनचे. मात्र अध्यासन असणे वेगळे आणि त्या विषयात स्वतंत्र ऑनर्स परीक्षा देता येणे वेगळे. दुसरा निकष अधिक भक्कम वाटतो. तो लावल्यास ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी केंब्रिजचा क्रम आधी लागतो : तेथील ट्रायपॉसला (केंब्रिजच्या ऑनर्स परीक्षेचे नाव) १८८४ मध्ये मंजुरी मिळाली व पहिली परीक्षा १८८६ मध्ये झाली.

ऑक्सफर्डचा मार्ग अधिक वळणाचा होता. वास्तुविशारद रॉबर्ट टेलर (मृत्यू १७८८) यांनी युरोपीय भाषांच्या अध्यापनासाठी संपत्ती ठेवली, पण ती विद्यापीठाच्या हाती पडली त्यांचा मुलगा १८३४ मध्ये वारल्यानंतर. टेलर इन्स्टिट्यूशन १८४५ मध्ये उघडले. येथील युरोपीय भाषांच्या अध्यासनावर १८५४ मध्ये आलेले मॅक्स म्यूलर म्हणजे ऋग्वेदाचे संपादकच. त्यांचा ओढा संस्कृतकडे होता. परंतु १८६० मध्ये संस्कृतच्या बोडेन अध्यासनाच्या निवडणुकीत ते मोनियर विल्यम्स (यांचा जन्म मुंबईचा) यांच्याकडून हरले. १८६८ मध्ये त्यांच्यासाठी तुलनात्मक भाषाशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि आधुनिक भाषांचे अध्यासन बंद पडले. १८८७ मध्ये स्वतंत्र ऑनर्स शाखेचा ठराव मते समसमान पडून फेटाळला गेला. ती शाखा १९०३ मध्ये निघाली.

विरोधकांचे म्हणणे असे, की फ्रेंच बोलता येणे हे कसब झाले, विद्या नव्हे. या आक्षेपाला तोंड देण्यासाठी पुरस्कर्त्यांनी अभ्यासक्रमात जुनी फ्रेंच, मध्य उच्च जर्मन (मध्ययुगीन जर्मन) आणि ध्वनिबदलांचे नियम भरले. केंब्रिजच्या आरंभीच्या परीक्षेत संभाषणाला स्थान नव्हते. आधुनिक भाषांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या स्टॅन्ली लीथ्स समितीच्या १९१८ च्या अहवालाने भाषेबरोबर त्या देशाचा इतिहास, संस्था व समाजजीवन शिकवण्याचा आग्रह धरला; आज विभागांच्या नावांत दिसणाऱ्या ‘भाषा आणि संस्कृती’ या जोडीचे मूळ तेथे शोधता येते.

अध्यापन व परीक्षा : शाळेत ए-लेव्हल (शालान्त परीक्षा) केलेला विद्यार्थी भाषाज्ञान मोजणाऱ्या युरोपीय चौकटीच्या साधारण बी-१ ते बी-२ या मधल्या पातळीवर येतो. शून्यापासून सुरू करणाऱ्यांची तुकडी वेगळी असते. तिला तासिका जास्त आणि परदेशी जाण्यापूर्वी दोन वर्षांत बी-१ च्या पुढे पोचण्याची घाई. परीक्षेत परभाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परभाषेत असे दोन्ही अनुवाद, निबंध व तोंडी परीक्षा असते. कस लागतो तो दुसऱ्या अनुवादात, कारण उतारा बहुधा शब्दकोशाविना सोडवायचा असतो. शब्द अडला तर वळसा घालून वाक्य बांधता येते आणि त्याचे गुण फारसे जात नाहीत. फ्रेंचमध्ये भूतकाळांची गल्लत झाली तर मात्र पूर्ण परिच्छेद घसरतो. घडून गेलेली घटना व चालू असलेली पार्श्वभूमी यांना फ्रेंचमध्ये वेगळी रूपे लागतात, इंग्रजीत बऱ्याचदा एकच रूप चालते.

परदेशवर्ष : पर्याय तीन : परदेशी विद्यापीठ, नोकरी, किंवा शाळेत इंग्रजीचा सहायक. सहायकांची फ्रान्सशी देवाणघेवाण विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहे; तेथे आठवड्याला १२ तास काम असते. उरलेला वेळ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात गेला तर वर्ष वाया जाते, आणि असे सर्रास होते. स्थानिकांबरोबर घर घेणे, गायनवृंद वा क्रीडामंडळात जाणे हे उपाय विभाग सुचवतात. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. ते मिळाले नाही तर नोंदणी अडते, नोंदणीअभावी करक्रमांक येत नाही आणि पगारातून जास्त कर कापला जातो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून शेंगेन देशांत (आपसांतील सीमातपासणी उठवलेल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहायचे तर व्हिसा किंवा निवास-परवाना लागतो. इंग्लंडमध्ये या वर्षाचे शुल्क नेहमीच्या कमाल शुल्काच्या १५ टक्क्यांपर्यंतच घेता येते.

इंग्लंडच्या शाळांत चौदाव्या वर्षानंतर परकीय भाषेची सक्ती २००४ मध्ये उठली. पुढे विद्यार्थीसंख्या रोडावून काही विद्यापीठांनी विभाग बंद केले किंवा एकत्र केले. जर्मनला याची झळ विशेष बसली.

आशियाई भाषा : यांचे अध्यापन पौर्वात्य विभागांत वाढले. ऑक्सफर्डमध्ये अरबी व चिनीचे परदेशवर्ष तिसऱ्याऐवजी दुसरे असते, कारण पाया लवकर घट्ट व्हावा लागतो. मराठी ही ब्रिटिशांना परकीय भाषा म्हणून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवली जाई. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) तेथील विद्यार्थ्यांसाठीच होते. ब्रिटनमध्ये अशा भाषांचे मुख्य केंद्र पुढे लंडनची १९१६ मध्ये स्थापन झालेली प्राच्यविद्या संस्था ठरली.