‘गेलो होतो’चं इंग्रजी: साध्या भूतकाळातल्या गोंधळाची पार्श्वभूमी

गणपतीची सुट्टी संपून कोकणातल्या मराठी शाळा उघडल्या की इंग्रजीच्या वहीत एक वाक्य हमखास येतं: ‘यस्टरडे आय हॅड गॉन टु कणकवली.’ तिथे ‘आय वेंट’ एवढंच हवं असतं. मुलांच्या आळसाला यात दोष देता येत नाही. गुंता काळांच्या नावांतच आहे.

1836 साली मुंबईत मराठी व्याकरण छापलं गेलं, तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून मराठीची मांडणी होत आली. पुढे शाळांनी ‘साधा’ (‘गेलो’) आणि ‘पूर्ण’ (‘गेलो होतो’) भूतकाळ ही नावं दोन्ही भाषांना सरसकट लावली. ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘मी काल बाजारात गेलो होतो’ हे मराठी वाक्य एकटं उभं राहतं. जाऊन परत आलो, इतकाच अर्थ. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला मात्र भूतकाळातलीच दुसरी घटना लागते: मी स्टँडवर पोचलो, त्याआधीच एसटी सुटली होती. अशी दुसरी घटना नसेल तर ‘वेंट’. ‘आजोबा रोज बंदरावर जात होते’ यातलं ‘जात होते’ बघून मुलं ‘वॉज गोइंग’ लिहितात. रोजच्या सवयीला तिथेही ‘वेंट’ किंवा ‘यूज्ड टु गो’च.

मालवणी घरात आणखी एक पेच पडतो. ‘मी कालच इलंय’ म्हणजे ‘मी कालच आलो’. पण प्रमाण मराठीच्या कानाला ते ‘आलोय’ वाटतं, आणि ‘आलोय’चं इंग्रजी म्हणून ‘हॅव कम’ शिकवलेलं असतं. ‘काल’ असताना ते चालत नाही, ‘केम’च लागतं. शिक्षक घाटावरचे असले तर ही चूक कुठून आली, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात सरकारी धोरणाने इंग्रजी आठवीवर गेलं, नंतर ते पाचवीपासून आलं आणि 2000 साली थेट पहिलीपासून. वाद प्रत्येक वेळी इयत्तेचा झाला. काळांचा तक्ता कुणी उघडून पाहिला नाही. पहिली-दुसरीत गोष्टी ऐकून ‘सॉ’, ‘एट’ बिनचूक म्हणणारी मुलं मोठ्या वर्गात ‘खाल्लं होतं’समोर ‘हॅड ईटन’ छापलेलं वाचतात, आणि कालची करवंदंसुद्धा ‘हॅड ईटन’ होतात.