दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत

भिजलेल्या लाल मातीच्या चढावर गाडी अडकली. लिव्हर ‘४एच’वर (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकला, डॅशबोर्डवर दिवाही लागला, तरी मागची चाकं जागच्या जागी घुमतात आणि पुढची ढिम्म. अशा वेळी पहिला संशय ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणाऱ्या पेटीवर, जातो आणि गॅरेजमध्येही आधी तीच खोलली जाते. खर्चाच्या दृष्टीने हा उलटा क्रम आहे. ट्रान्सफर केस उतरवणं हे दिवसभराचं काम असतं, आणि बिघाड एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतही असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे एक जॅक आणि दोन हातांनी शोधता येतं.

इथे ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्यांत एरवी मागची चाकंच गाडी ओढतात आणि गरज पडली की पुढची जोडता येतात: जिप्सी, जिम्नी, थार, बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, व्ही-क्रॉस, हायलक्स वगैरे. या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या टायरपर्यंत पोचायला दोन जोड बसावे लागतात. पहिला जोड ट्रान्सफर केसमध्ये असतो. तिथे दातेरी स्लीव्ह (जोडणारी कडी) सरकते आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, मागच्या शाफ्टशी एकजीव होतो. दुसरा जोड चाकांकडे असतो. काही गाड्यांत दोन्ही चाकांच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) कुलूप असतं, तर काहींत डिफरन्शियलजवळ (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गियर) एका बाजूचा, चाक फिरवणारा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल जोडणारा-तोडणारा भाग असतो. हा दुसरा जोड मुद्दाम ठेवलेला आहे. साध्या रस्त्यावर पुढचे अ‍ॅक्सल आणि शाफ्ट विनाकारण फिरत राहू नयेत, हा त्याचा हेतू.

आता दिव्याचं काय? अनेक गाड्यांत तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या एका छोट्या स्विचला जोडलेला असतो. आतला दांडा सरकला, स्विच दाबला गेला, दिवा लागला. हब लागला की नाही हे त्या स्विचला कळायचं काही कारणच नाही. दिवा सतत लुकलुकत असेल तर मात्र कंट्रोलरला काहीतरी अर्धवट झाल्याचं कळलेलं असतं. त्या खुणेकडे दुर्लक्ष करू नये.

आणखी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. साधा डिफरन्शियल डाव्या-उजव्या अ‍ॅक्सलला नेहमी सारखाच पीळ (फिरवणारा जोर) देतो. एका बाजूचा हब सुटलेला असेल तर तो अ‍ॅक्सल आतल्या आत मोकळा फिरतो आणि त्याला जवळजवळ शून्य पीळ लागतो. म्हणजे दुसऱ्या, धडधाकट बाजूलाही जवळजवळ शून्यच मिळतो. दोनपैकी एक हब बिघडला तर ‘अर्धी’ फोर व्हील ड्राइव्ह उरत नाही, पूर्णच जाते.

जॅक लावण्याआधी एक खात्री करा: हा बिघाडच आहे का? ‘४एल’ (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त ओढ) चालत्या गाडीत लागत नाही. गाडी थांबलेली किंवा रांगत असावी, क्लच पूर्ण दाबलेला असावा, ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’मध्ये असावी. दातावर दात आला तर लिव्हर अडतो. तेव्हा जोर लावू नका. गाडी हातभर पुढे सरकवा आणि पुन्हा प्रयत्न करा. स्टिअरिंग सरळ ठेवा. जुन्या जिप्सीसारखे हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्हींची चकती ‘लॉक’वर शेवटपर्यंत गेली आहे ना, ते खाली उतरून बघा.

आता खरी परीक्षा. मोकळ्या मातीत ‘४एच’ लावून काही मीटर पुढे जा, मग गाडी सपाट, कडक जागेवर आणून इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. लिव्हर ‘४एच’वरच राहू द्या. पुढचं डावं चाक जॅकने उचला आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. या अवस्थेत इंजिन कधीही सुरू करू नका, कारण जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ढकलून देईल. आता उचललेलं चाक हाताने फिरवा.

चाक थोडं हलून अडलं तर सगळे जोड बसलेले आहेत. एवढी ढिलाई दातांमध्ये असतेच. चाक फिरलं आणि त्याच्याबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरला तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या लिव्हरमध्ये आहे. चाक फिरलं पण शाफ्ट स्तब्ध राहिला तर दोष हबचा किंवा अ‍ॅक्सल जोडणाऱ्या भागाचा. तो कोणत्या बाजूला आहे? अ‍ॅक्सल उघडा दिसत असेल तर त्याच्या रबरी बुटाकडे (सांध्यावरच्या आवरणाकडे) बघा. बूट स्थिर असेल तर याच बाजूचा हब सुटलेला. बूट चाकाबरोबर फिरत असेल तर दुसऱ्या बाजूचा. जिम्नी-जिप्सीसारख्या बंद अ‍ॅक्सलमध्ये हे दिसत नाही. तिथे दोन्ही बाजू आळीपाळीने उचलून हाताला लागणारा जडपणा ताडून बघा. नुसत्या बेअरिंगवरचं चाक हलकं फिरतं, डिफरन्शियलचे गियर घेऊन फिरणारं जड जातं. हलकं फिरेल त्या बाजूचा हब आधी खोला.

आधीच्या पिढीच्या थारमध्ये होते तसे स्वयंचलित हब असतील तर एक सावधगिरी. ते उलट फिरवल्यावर सुटतात, म्हणून चाक पुढच्याच दिशेला फिरवून बघा. या हबमध्ये घट्ट किंवा वाळलेलं ग्रीस हे न लागण्याचं नेहमीचं कारण आहे. बेअरिंग भरताना हबमध्येही ग्रीस कोंबलं की सरकणारे भाग त्यातच रुतून बसतात. तिथे पातळसा थरच हवा.

व्हॅक्यूमवर चालणारे हब, जिम्नीत आहेत तसे, थोडे खोलात बघण्यासारखे आहेत. इथे कुलूप लावण्याचं काम प्रत्यक्षात बाहेरची हवा करते. नळीतून हवा खेचली की हबमधल्या लवचीक पडद्याच्या एका बाजूचा दाब कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचा वातावरणाचा दाब त्याला ढकलतो. पडदा ६ सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि दाबातला फरक ४०० मिलिमीटर पारा असला, तर जोर सुमारे १५ किलो वजनाइतका होतो. नळी चिरली आणि फरक निम्म्यावर आला की जोरही निम्मा. मग कुलूप अर्धवट सरकून दातांच्या टोकांवर घासत राहतं. कर्रर्र असा आवाज येतो तो हाच, आणि तो ऐकूनही गाडी रेटली तर हबचे दात गोल होतात.

पेट्रोल इंजिनात ही पोकळी इनटेक मॅनिफोल्डमधून येते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती जवळजवळ नाहीशी होते, म्हणून ४एच लावताना पाय उचलावा. डिझेलला स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, लेहच्या उंचीवर तो ५०० च्याही खाली जातो. मुंबईत कसाबसा लागणारा हब तिथे न लागणं यात नवल नाही.

तपासणीला गेज असलेला हातपंप घ्या. हबकडे जाणारी नळी सॉलेनॉइड व्हॉल्व्हपासून (विजेवर उघड-मिट होणाऱ्या झडपेपासून) सोडवा, पंप लावून ४०० पर्यंत खेचा आणि एक मिनिट थांबा. काटा टिकला तर नळी, सील, पडदा ठीक आहेत, आणि दोष व्हॉल्व्ह, एकेरी झडप किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये आहे. काटा उतरला तर नळी हबजवळ चिमट्याने दाबून पुन्हा खेचा. आता टिकला तर गळती हबच्या सीलमध्ये किंवा पडद्यात, नाहीतर नळीतच. नळ्या बहुधा वळणावर, इंजिनाच्या उष्णतेजवळ चिरतात. घरापुढे आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीरही त्या कुरतडतात. नवी नळी व्हॅक्यूमसाठीचीच घ्या. पातळ साधी नळी आतल्या आत चपटी होते.

पाणी हबमध्ये शिरतं तेही याच दाबाच्या नियमाने. घाट उतरताना ब्रेकमुळे हब तापतो. समजा ८० अंशांवर आहे आणि गाडी २५ अंशांच्या ओढ्यात शिरली. आतल्या हवेचा दाब क्षणात सुमारे १५ टक्क्यांनी घसरतो आणि जीर्ण सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दह्यासारखं पांढुरकं दिसलं की हेच झालंय असं समजा. सगळं पुसून काढून नवं ग्रीस आणि नवी ओ-रिंग बसवा. अ‍ॅक्सलच्या ब्रीदर नळीचं तोंडही त्याच वेळी मोकळं करा. ते चिखलाने बुजलं की अ‍ॅक्सललाही सीलमधूनच श्वास घ्यावा लागतो.

लिव्हरऐवजी बटण किंवा गोल नॉब असेल तर ट्रान्सफर केसवर छोटी मोटर असते. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगा आणि गाडीखालचा आवाज ऐका. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग बॅटरी, मग मोटरचा प्लग. प्लगमध्ये हिरवा गंज हमखास सापडतो. नॉब फिरवताना मोटरच्या तारांवर क्षणभर १२ व्होल्ट येत असतील आणि मोटर हलत नसेल तर मोटर गेली. येत नसतील तर दोष अलीकडे. मोटर फिरते पण परत मागे येते, असं होत असेल तर तिच्यातला जागा दाखवणारा सेन्सर झिजलेला असतो. एबीएसचा दिवा लागलेला असेल तर तो आधी मिटवा. चाकाच्या वेगाची खबर मिळत नसेल तर काही गाड्यांचा कंट्रोलर जोडणी नाकारतो.

लिव्हरच्या गाडीत ट्रान्सफर केस खोलण्याआधी लिव्हर आणि दांड्यांमधले बुश बघा. ते झिजले की वर लिव्हर पूर्ण गेल्यासारखा वाटतो, पण खाली दांडा काही मिलिमीटर कमी सरकतो आणि स्लीव्ह अर्धीच बसते. चढावर ‘४एल’ निसटत असेल तर हीच पहिली शंका. ऑइल सोडून बघा: बारीक राखाडी पेस्ट चालते, दातांचे तुकडे चालत नाहीत. तुकडे निघाले तर मात्र ट्रान्सफर केस उतरवण्यावाचून इलाज नाही.

लिव्हर अडण्याचं आणखी एक कारण टायरमध्ये असतं. पुढे नवे, मागे झिजलेले टायर असले आणि त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक पडला, तर एका फेरीत जवळपास ३८ मिलिमीटरचा फरक होतो. थारच्या १८ इंची चाकाच्या टायरचा घेर सुमारे २.४८ मीटर, म्हणजे किलोमीटरला चारशे फेऱ्या. दर किलोमीटरला पुढचे-मागचे शाफ्ट १५ मीटरने एकमेकांशी भांडतात. हा पीळ स्लीव्हच्या दातांवर बसतो आणि लिव्हर जागेवरून हलत नाही. कोरड्या डांबरावर ४एचमध्ये वळल्यावरही हेच होतं, म्हणून तिथे ते लावू नये.

दुरुस्तीनंतर जॅकची तीच परीक्षा पुन्हा करा, दोन्ही बाजूंना. मग मोकळ्या मातीत ४एच लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि सावकाश एक गोल घ्या. पुढची चाकं अडखळत, माती खरवडत फिरली आणि २एचवर (फक्त मागची चाकं) येताच गाडी मोकळी झाली, तर जोड नीट बसतोय. टोयोटाच्या पुस्तिका महिन्यातून निदान १६ किलोमीटर फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालवायला सांगतात, म्हणजे आतल्या भागांना तेल पोचतं. ते १६ किलोमीटर कच्च्या रस्त्यावरचेच असावेत.